केबिनखालचे फुगे

लातूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी "केबिन" म्हटलं की तू बुश सांगतोस, "बुश" म्हटलं की ग्रीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शेवटपर्यंत वाच आणि मग बोल. म्हणजे, लिही.

तुझ्या पाहुण्यांची, म्हणजे ह्यांची, कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली, असं डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवलं. ऑपरेशन नको म्हणाले, पण दणके बंद. मी विचारलं, दणके म्हणजे कसले? तर म्हणाले, "बाई, हे काय काम करतात?" म्हटलं, ट्रेलर चालवतात. डॉक्टर हसले. म्हणाले, "मग मी वेगळं काय सांगू?"

आमचा धंदा तुला माहीत आहे. लातुरातून सोयाबीनची पेंड भरायची, काकीनाड्याला उतरवायची, येताना विशाखापट्टणहून सळई आणायची. ओढणारा घोडा आपला, मागचा ट्रेलर आपला. घोड्याच्या केबिनमध्ये सीटमागे झोपायची बर्थ आहे, पण तिला बर्थ म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. गाडी चालू असताना त्यावर पडलं की माणूस कढईतल्या लाहीसारखा उडतो. बिदरच्या अलीकडे तर हे छताला हात लावून पडतात, नाहीतर कपाळ आपटतं.

आता खरी गोष्ट. देवणीचे शेषेराव बिरादार कधीपासून म्हणून राहिलेत की गाडी द्यायची झाली तर आधी मला सांगा. हे गाडी विकायला तयार झालेत. किल्लारीला धाकट्या दिरांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसतो म्हणतात. ते गल्ल्यावर बसतील, आणि मी? मला कुणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगते. मला गाडी ठेवायची आहे.

चालवायला एक भरवशाचा माणूस मिळालाय. त्याची काळजी नको. हे मागे बर्थवर पडून सोबत येणारच. तू एवढंच कर की गाडी चालू असताना बर्थवर पडलेल्या माणसाला झोप लागली पाहिजे. ते तुला जमलं तर गाडी राहते. नाही जमलं तर गेली.

वहिनींना जयभीम.

तुझी,
महामाया


नांदेड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. महामायास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मी लोकांना वाक्य पुरं करू देत नाही हे साफ खोटं आहे. लोक वाक्य चुकीच्या जागी सुरू करतात, मी ते जागेवर आणतो.

आता लक्ष देऊन वाच. केबिन चार जागी बसते. पुढे दोन बिजागऱ्या, ज्यांच्यावर ती इंजिन दाखवायला झुकते. मागे दोन रबरी गट्टू. रबर हे नावाला. दोन उन्हाळे खाल्ले की त्याचा दगड होतो. चेसिसला बसलेला प्रत्येक धक्का त्या दगडांतून वर येतो, आणि बर्थ नेमकी त्यांच्या डोक्यावर. म्हणजे ड्रायव्हरला बसतो त्याहून मोठा दणका झोपलेल्याला. आदर्शराव कढईत नाहीत, उखळात आहेत.

उपाय असा. गट्टू काढायचे आणि तिथे हवेचे दोन फुगे बसवायचे. लक्झरी बसच्या चाकांवर असतात त्यांचीच धाकटी भावंडं. शेजारी दोन शॉकअप. नुसता फुगा ठेवला तर केबिन चेंडूसारखी उसळत राहील. फुगा धक्का झेलतो, शॉकअप त्याला थांबवतो. सोबत एक व्हॉल्व्ह, जो केबिन खाली बसली तर हवा भरतो आणि वर उचलली तर सोडतो. हवा ब्रेकच्या टाकीतून घेणार नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेव. वेगळी टाकी, मध्ये एकेरी व्हॉल्व्ह. उद्या फुगा फुटला तरी ब्रेक लागलाच पाहिजे. आधी ब्रेकची हवा, मग कंबरेची.

चेसिसवर वेल्डिंगचा ठिपका पडणार नाही, नवं भोक पडणार नाही. आधीच्याच भोकांत माझे ब्रॅकेट बसतील. स्टेअरिंगच्या दांड्यातला सरकता जोड मी स्वतः तपासणार, कारण आता केबिन हलेल आणि खालचा स्टेअरिंग बॉक्स हलणार नाही. ही गोष्ट विसरणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही.

पाहुणे विचारतील, हे कुठे शिकलात? सांग, अर्धापूरच्या फाट्यावर एक लक्झरी बस ऐन पावसात बसली होती, तिच्याखाली चिखलात पडून शिकलो. मला कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणी चुकीचंही शिकवलं नाही.

गाडी पाठव. मात्र केबिन पूर्ण रिकामी पाहिजे. सीटखालचं, बर्थवरचं, टपावरचं, सगळं घरी काढून ठेवायचं, आणि आतून-बाहेरून धुऊन आणायची. मळक्या गाडीचं माप मी घेत नाही. मला केबिन तोलायची आहे, तुमचा संसार नाही.

आणि हा भरवशाचा माणूस कोण? आधी कुणाच्या गाडीवर होता? कळव.

तुझा दादा,
विनोद


नांदेड
३ डिसेंबर २०२४

चि. महामायास,
आशीर्वाद.

गाडी तयार करून पाठवली. पाहुण्यांबरोबर तू का आली नाहीस? रूपालीने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली होती, ती पाहुण्यांच्या हाती दिली आहे.

तुमच्या ड्रायव्हरबद्दल बोलायचं आहे. तो लोह्यालाच उतरला, कुठल्या तरी मावशीकडे, आणि तिथून गॅरेजपर्यंत आदर्शरावांनी कण्हत गाडी आणली. ही कसली तऱ्हा? गाडी दुरुस्तीला आणि हा पाहुणचाराला! शिवाय माणूस बुटका दिसतो. सीट पार पुढे आणि वर ओढलेली होती, आदर्शरावांना कंबरेमुळे ती सरकवताही आली नाही. मी ती मागे घेऊन नीट केली आहे. स्टेअरिंगला लटकून चालवणारा माणूस मला चालत नाही.

कामाविषयी स्वतःच्या तोंडाने काय सांगू. तरी सांगतो. शेजारच्या केवळाबाईकडून पिकलेल्या केळींची फणी घेतली, बर्थवर उघडी ठेवली आणि जुन्या रस्त्याने अर्धापूरपर्यंत जाऊन आलो. तो रस्ता तुला माहीत आहे. एका केळ्यावर डाग नाही. केवळाबाई म्हणाली, "भाऊ, माझ्या टोपलीत पण बसवून द्या की दोन फुगे." मी म्हटलं, बाई, आधी टोपली धुऊन आण.

पहिली खेप झाली की सविस्तर लिही. "बरं वाटलं" असं लिहू नकोस. कुठे, किती, कसं, ते लिही.

दादा


लातूर
१९ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

कुठे, किती, कसं, ते लिहिते.

जाताना स्वर्ग. हे लातुरात बर्थवर पडले आणि औशाच्या पुढे घोरायला लागले. दादा, इतके महिने मी मागून कण्हणं ऐकलं. घोरणं एवढं गोड असतं हे मला माहीत नव्हतं. बिदरच्या त्या रस्त्यावर खाली चेसिस धाडधाड करत होती आणि वर केबिन नुसती मान हलवत होती, जाणत्या म्हाताऱ्यासारखी. काकीनाड्याला हे स्वतःच्या पायाने खाली उतरले आणि हमालांना म्हणाले, "चला, आज मी पण हात लावतो." मी डोळे वटारले तेव्हा थांबले.

येताना नरक. सळई भरून निघालो आणि केबिन डुलायला लागली. वर-खाली नाही, डावी-उजवी. वळण आलं की एका अंगाला झुकायची, वळण संपलं तरी परत यायला विसरायची, आणि मग एकदम दुसऱ्या अंगाला. होडी परवडली. हे बर्थवरून दोनदा ओकले. झटका बसून कंबर परत धरली. राजमहेंद्रीच्या ढाब्यावर थांबलो तर शेजारच्या गाडीतला सरदारजी खिडकीतून विचारतो, "बहनजी, गाडी को भी पिलाई क्या?" सगळा ढाबा हसला. हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

घरी आल्यावर माझ्यासमोर त्यांनी शेषेरावांना फोन लावला. जानेवारी संपता संपता ते गाडी बघायला येणार आहेत. फोन ठेवून मला म्हणाले, "माया, तुझ्या दादाने जिवापाड केलं. पण गाडी ती गाडीच."

तुझ्या कामाला नाव ठेवत नाही. जाताना मी स्वर्ग बघितलाय. म्हणून तर येतानाचं जास्त लागलं.

तुझी,
महामाया


नांदेड
२४ डिसेंबर २०२४

चि. महामायास,

माझं काम डुलत नाही.

फुगे दोन्ही एका मापाचे, शॉकअप एका दुकानातले, बोल्ट मी स्वतः पान्याने आवळलेले. डुलतोय तो तुमचा ड्रायव्हर. त्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय होता. वळणात शिरल्यावर ब्रेक मारत असणार आणि स्टेअरिंग ओरबाडत असणार. जाताना नवी गाडी म्हणून जपून चालवली, येताना घराची ओढ लागली. असे शंभर बघितलेत. त्याला आधी काढून टाक आणि मग माझ्या फुग्यांना बोल.

तरीही, कुणी म्हणायला नको की विनोदने ऐकून घेतलं नाही. पुढच्या गोष्टी मला कागदावर पाहिजेत. डुलणं नेमकं कुठून सुरू झालं. सरळ रस्त्यावरही होतं की वळणावरच. फुगे दोन्ही बाजूंना सारखे उभे होते का. सळई कशी रचली होती. आणि जाताना गाडीत काय नव्हतं जे येताना होतं. आदर्शरावांना नको विचारूस, ते ओकत होते. त्या बुटक्याला विचार.

विनोद

*माया वन्सं, ही खालची ओळ मी रूपाली लिहिते, यांना दाखवणार नाही. तीन कागद फाडून हे चौथं पत्र आहे. दोन दिवस जेवणावर लक्ष नाही, भिंतीकडे बघून "डुलते? कशी डुलते?" असं विचारून राहिलेत. लवकर उत्तर द्या. नाहीतर माझं घर डुलायला लागेल.*


लातूर
३० डिसेंबर २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

ड्रायव्हरला काढता येणार नाही. ड्रायव्हर मी आहे.

बस आधी. पाणी पी. मग पुढे वाच.

किल्लारीला साखर कारखान्याचा हंगाम संपला की बाहेरचं मैदान मोकळं पडतं. तिथे ह्यांनी मला शिकवलं. आधी नुसता घोडा, मग ट्रेलर जोडून. ट्रेलर मागे घ्यायला शिकताना मी रडले, हे खरं. ट्रेलर नेमका उलटीकडे जातो, आणि हे बाजूला उभे राहून म्हणायचे, "रडायचं तर रड, पण आरसा पुसून रड." जड वाहनाच्या परीक्षेला तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, सोबत कोण आलंय? म्हटलं, सोबत गाडी आलीय. पास झाले.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू गाडी सोडून मला दुरुस्त करायला आला असतास. लोह्याची मावशी म्हणजे आपली पारूमावशी. मी तिच्याकडे बसून पिठलं खात होते, आणि हे तुझ्याकडे कण्हत येत होते. त्याचं मला फार वाईट वाटलं. पिठलं मात्र चांगलं होतं. आणि सीट मागे घेतलीस त्याबद्दल आभार. लोह्यापासून लातूरपर्यंत ती हलेना आणि माझा पाय क्लचला पुरत नव्हता.

आता त्या बुटक्याची साक्ष. ब्रेक मी वळणाआधी मारते, वळणात नाही. काकीनाड्याहून रिकामी निघाली तेव्हा गाडी किंचित हलत होती, पण खरं डुलणं विशाखापट्टणच्या वेशीपासून सुरू झालं. सरळ रस्त्यावर थोडं, वळणावर फार. फुगे दोन्हीकडे सारखे होते, मी उतरून हाताने चाचपले. सळई नेहमीसारखी लांबीत, मधोमध, साखळीने आवळलेली. जाताना नव्हतं आणि येताना होतं असं काही नाही. आम्ही तीच दोघं, स्टोव्ह तोच, भांडी तीच, गादी तीच. लोखंडाला झाकावं लागत नाही, म्हणून पेंडीवरच्या दोन्ही ताडपत्र्या नेहमीसारख्या टपावर बांधलेल्या. वेशीवरच पाऊस लागला, पण तो सगळ्यांनाच लागला.

यात तुला काही सापडलं तर बघ. शेषेरावांनी परत फोन केला होता. माझ्याकडे दिवस थोडे आहेत, दादा.

तुझी,
महामाया


नांदेड
४ जानेवारी २०२५

माया,

तुझं पत्र अर्धं वाचून मी खुर्चीवरून उठलो आणि उरलेलं अर्धं वाचून परत बसलो.

पहिल्या अर्ध्याविषयी मला आत्ता काही लिहायचं नाही. मला ते पचू दे. एवढंच सांगतो की सीट पुढे घेतेस तेव्हा पाठ टेकत नसेल, तर पाठीमागे घट्ट उशी बांध. लोंबकळत चालवलंस तर वर्षभरात दुसरी कंबर माझ्याकडे येईल.

दुसऱ्या अर्ध्यात ताडपत्री आहे. अगं, ताडपत्री!

पत्र खिशात घालून मी नव्या मोंढ्याच्या बाजारात गेलो. ट्रेलरला लागते तसली ताडपत्री दुकानदाराला काट्यावर टाकायला लावली. मग म्हटलं, आता हिला भिजवा. तो म्हणाला, "विनोदभाऊ, नवी कोरी ताडपत्री भिजवून कोण तोलतं?" म्हटलं, मी तोलतो. भिजवली. माया, भिजलेल्या दोन ताडपत्र्या म्हणजे तीन धट्टीकट्टी माणसं. केबिनच्या डोक्यावर तीन माणसं बसवून तुम्ही विशाखापट्टणहून आलात. जाताना तीच ताडपत्री पेंडीवर पसरलेली होती, म्हणून स्वर्ग. टपावर चढली, म्हणून नरक. इतकं सरळ आहे.

मीच तुला लिहिलं होतं, टपावरचं काढ, धुऊन आण. धुतलेल्या केबिनचं माझं माप अचूक होतं, त्यात आजही फरक निघणार नाही. पण धुतलेली केबिन रस्त्यावर जातच नाही.

उपाय सोपा आहे. केबिन आणि ट्रेलरच्या मधल्या जागेत चेसिसवर बसेल असा लोखंडी पिंजरा करतो. ताडपत्र्या त्यात ठेवायच्या. वजन खाली आलं की डुलणं बंद. गाडी घेऊन ये.

दादा


लातूर
८ जानेवारी २०२५

दादा,

पिंजरा नको.

आमची ताडपत्री जमिनीला लागतच नाही. पेंड उतरवायच्या आधी, माल उंच असतानाच, आम्ही ती मागून पुढे गुंडाळत आणतो, मधल्या फटीवर फळी टाकतो आणि गुंडाळी सरळ टपावर ढकलतो. माल भरला की टपावरून परत मागे सोडतो. ती उचलायची कधीच नसते, फक्त लोळवायची. लातुरातल्या कुठल्याही पेंडवाल्या गाडीकडे बघ, असंच करतात. तुझ्या पिंजऱ्यातून ती वर चढवायची कुणाच्या कंबरेने? ह्यांच्या की माझ्या?

ताडपत्री टपावर राहणार. बदलायची तर केबिन बदल.

माया


नांदेड
१३ जानेवारी २०२५

माया,

बरोबर आहे तुझं. हे वाक्य जपून ठेव, फार वेळा मिळत नाही.

गाडी घेऊन ये. दोन्ही ताडपत्र्या टपावर बांधून आण, आणि वाटेत भिजवून आण. स्टोव्ह, भांडी, गादी, पिण्याच्या पाण्याचा ड्रम, लांबच्या खेपेला निघाल्यासारखा सगळा संसार भरून आण. धुऊ नकोस.

आणि ड्रायव्हरने लोह्याला उतरायचं नाही.

दादा


नांदेड
२१ जानेवारी २०२५

माया,

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला. तरी हे लिहून ठेवतो, कारण फोनवर पाहुणे "मस्त, मस्त" एवढंच म्हणतात, आणि मस्त हे माप नाही.

आपण काय केलं ते नीट लक्षात ठेव, रस्त्यात कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. केबिनखाली एक आडवा रॉड घातला, ज्याचं एक टोक चेसिसला आणि दुसरं केबिनला. दोन्ही टोकांना फिरते बुश. म्हणून केबिन वर-खाली जाते, पण बाजूला जाऊ म्हटलं तर रॉड तिचा हात धरतो. शॉकअप आधी सरळ उभे होते, ते आता खालच्या टोकाला बाहेर फाकवले. आखाड्यात पैलवान पाय जोडून उभा राहतो का? नाही. तसं. फुग्यांत हवेचा दाब थोडा वाढवला. बस. ताडपत्र्या जिथल्या तिथे.

माळेगावच्या वळणांवर बर्थवर मी पडलो होतो तेव्हा तुम्हाला वाटलं असेल मी कान देऊन फुगे ऐकतोय. तेही ऐकत होतो. पण जास्त वेळ मी तुझे हात बघत होतो. वळण दिसायच्या आधीच तुझा पाय उचलला जातो. गिअर खाली घेतेस, गाडी जड होते, मग ब्रेक नुसता टेकवतेस. स्टेअरिंग ओरबाडत नाहीस, सोडून देतेस आणि हातातून सरकू देतेस. टपावर तीन माणसांचं ओझं आणि मला बर्थवर हात कुठे धरावा लागला नाही. मी हजार गाड्या चालवून बघितल्यात, शेजारी बसून हजार ड्रायव्हरांना बोललोय. त्या दिवशी मला बोलायला काही सापडलं नाही.

मागच्या पत्रांत ड्रायव्हरविषयी जे लिहिलं ते सगळं खोडून टाक.

दादा

*वन्सं, हे गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून राहिलेत, "आमची माया ट्रेलर चालवते, बरं का." कालपासून हेही सांगतात की चालवायला यांनीच शिकवलं. मी गप्प आहे. रूपाली.*


लातूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
जयभीम.

शेषेराव आले होते. सगळं सांगते.

सकाळी आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी. टायरांवर चपलेने टकटक केलं, इंजिन ऐकलं, तंबाखू मळली. म्हणाले, "आदर्शराव, एक चक्कर मारून आणा, मी शेजारी बसतो." हे म्हणाले, "मला दणके बंद आहेत. ही चालवते." शेषेरावांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग परत ह्यांच्याकडे. "चेष्टा करून राहिले का?"

"न्हाई. बसा."

"मग मी शेजारी न्हाई बसत बाबा. समोरचं बघवायचं न्हाई मला. मागं पडतो डोळे मिटून, काय व्हायचं ते होऊ द्या." आणि खरंच बर्थवर चढून दोन्ही हातांनी कडेचा दांडा धरून पडले. हे माझ्या शेजारच्या सीटवर, पाठीला उशी लावून. मी मुद्दाम ट्रेलर जोडूनच निघाले. टपावर दोन्ही ताडपत्र्या होत्या. औशाच्या अलीकडे रस्ता उकरून ठेवलाय, ते तुला माहीत असेल. मी वळसा घातला नाही. खालून धाडधाड, वर काही नाही. आरशात बघते तर शेषेरावांचा एक हात दांड्यावरून सुटलाय. थोड्या वेळाने दुसरा. औसा यायच्या आत घोरायला लागले. टोपी नाकावर.

औसा ओलांडून वळवली, परत लातुरात आणून घरासमोर उभी केली, इंजिन बंद केलं. शेषेराव उठून बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हं, निघायचं का मग?"

दादा, हे हसले. कंबर धरून हसले. दुखत होतं तरी हसत होते. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा ऐकलं. शेषेरावांना आधी कळेचना. मग खाली उतरून घर बघितलं, ऊन कुठवर आलं ते बघितलं, आणि ओशाळले. केबिनखाली वाकून बराच वेळ रॉड न्याहाळला, फुग्यावर बोट दाबलं. मग सरळ उभे राहून म्हणाले, "ठरलं होतं त्याच्याहून जास्त देतो. बोला."

मी अजून सीटवरच होते. हात अजून स्टेअरिंगवर होते.

हे म्हणाले, "मला काय विचारता? ड्रायव्हरला विचारा."

शेषेरावांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. टोपी सारखी केली. माणूस गुरांच्या बाजारात उभा राहतो तसे उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हणता, ताई?"

म्हटलं, "गाडी द्यायची न्हाई."

"मग तुम्ही तरी या. माझ्या दोन गाड्या आहेत. ड्रायव्हर टिकत न्हाई."

"आधी तुमच्या केबिन कशावर बसल्यात ते बघू," म्हटलं. "दगडावर असतील तर ड्रायव्हर कसा टिकेल?"

ह्यांनी तुझा पत्ता लिहून दिला. पुढच्या आठवड्यात ते दोन्ही गाड्या घेऊन नांदेडला येतील. त्यांना वाक्य पुरं करू दे.

संध्याकाळी हे किल्लारीला फोन करून भावाला म्हणाले, गल्ल्यावर दुसरा माणूस बघ. मी भाकरी करत होते, मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलले.

सोमवारी पेंड भरून निघतोय. हे मागे, मी पुढे.

तुझी,
महामाया